आत्तीनं खाल्लेल्या माझ्या गोळ्या

आमच्याकडं त्यांना जत्रेच्या गोळ्या म्हणत. सरकारनं त्या पोरं होऊ नयेत म्हणून वाटल्या होत्या, पण कानडी मुलखातल्या कुंभारवाड्याच्या आसपासच्या रानातल्या घरांमध्ये त्या कामासाठी खाणारी बहुतेक मी एकटीच असेन. बाकीच्या बाया वर्षातनं एकदा, माघात, उळवीच्या जत्रेच्या तोंडावर त्या शोधत फिरायच्या. गोळी खाल्ली की पाळी पुढं जाते, म्हणजे देवाच्या दारात जाऊन बाहेर बसायला नको. एवढी अक्कल आमच्या जंगलात कुणी आणली देव जाणे, पण आली आणि घरोघरी गेली. त्याच गोळीनं पोर राहत नाही, हे मात्र कुणाच्या कानात शिरलं नव्हतं.

मी खानापूरकडची. लग्न करून इकडं आले तेव्हा घर म्हणजे एक माजघर, एक पडवी, गोठा, आणि सासू. सासूला आमच्यात आत्ती म्हणतात. आत्ती विधवा, अंगानं काटक, आणि तोंडानं अशी की गोठ्यातली म्हैससुद्धा तिच्या आवाजानं पान्हा सोडायची. नवरा लाकडाच्या डेपोत कामाला. आठवड्यानं घरी यायचा, आईला घाबरायचा, परत जायचा. वाईट नव्हता. फक्त आईसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि माझीही तीच गत.

मला दोन पोरी. धाकटीच्या वेळी रक्त थांबेचना. घोंगडीची झोळी करून चौघांनी मला रानातनं सडकेपर्यंत आणलं, तिथनं कुणाची तरी जीप मिळाली. वाटभर माझं डोकं आत्तीच्या मांडीवर होतं, एवढंच मला आठवतं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं आत्तीसमोरच सांगितलं, की इतक्यात पुन्हा दिवस गेले तर ही वाचायची नाही. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाला, अंगात रक्त नाही, आधी रक्त होऊ दे. घरी आल्यावर आत्ती म्हणाली, ‘‘एक नातू हुंदे, मग करू आप्रेशन.’’ म्हणजे डॉक्टरचं निम्मं वाक्य तिनं जीपमध्येच सांडलं होतं!

तर मी गुपचूप गोळ्या सुरू केल्या. वाड्यांवरनं फिरणारी नर्स होती, आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. धारवाडकडची, मराठी बोलायची ती कानडीत घोळून. महिन्याला एक पाकीट द्यायची. पांढऱ्या गोळ्यांच्या तीन ओळी, शेवटची ओळ तांबूस, ती रक्त वाढावं म्हणून. पांढऱ्या संपून तांबूस सुरू झाल्या की पाळी यायची. मी ते पाकीट ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवायची. दीड वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. जत्रा तोंडावर आली होती आणि मी नवीन पाकिटातल्या जेमतेम दोन-तीन गोळ्या खाल्ल्या होत्या. सकाळी मी भाकऱ्या थापत होते, आत्ती चुलीसमोर येऊन उभी राहिली.

‘‘तुझ्याकडं जत्रंच्या गोळ्या हायत न्हवं?’’

मी म्हटलं, ‘‘कुठल्या?’’

‘‘टरंकंत हायत. शालूत. मी बघितलंय.’’

आता माझी ट्रंक उघडून माझा शालू उलगडून बघायचं हिला काय कारण? पण विचारते कोण! आत्ती पंचेचाळिशीच्या पुढं, तिची पाळी कधी यायची, कधी दोन महिने तोंड दाखवायची नाही. आणि उळवीला तिची दरवर्षीची जागा ठरलेली. जत्रेला येणाऱ्यांसाठी मोठमोठ्या भांड्यांत जेवण शिजतं, त्याची भाजी चिरायला आत्ती पाच-सहा दिवस मुक्कामाला जायची. तिथं पाळी आली तर भोपळ्याला हात लावता येणार नाही, आणि तिच्या जागेवर दुसरी कुणीतरी बसणार. हे तिला मरणाहून वाईट वाटायचं.

‘‘आण हिकडं,’’ म्हणाली. ‘‘आणि औंदा मी नातवाचा नवस बोलणार हाय. तवा अंगानं चोख पायजे.’’

आता सांगा मला. नातू मागायला निघालेली बाई नातू होऊ नये म्हणून आणलेल्या गोळ्या मागतेय, आणि कशासाठी, तर नातू नीट मागता यावा म्हणून! मला हसावं का चुलीत डोकं घालावं कळेना. नाही म्हणावं तर विचारणार, तुला कशाला हव्यात? मी मुकाट ट्रंक उघडली आणि अख्खं पाकीट तिच्या हातात ठेवलं. थोड्या माझ्यासाठी काढून ठेवाव्यात, एवढीही हिंमत झाली नाही. पाकीट तिनं पानाच्या चंचीत घातलं. दिग्गीहून तिची बहीण आली होती, तिलाही सुपारी द्यावी तशी चार गोळ्या दिल्या. दोघी बैलगाडीत बसून गेल्या.

आणि घर रिकामं झालं.

हे आता नीट समजून घ्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या घरात मी आणि नवरा कधी दोघंच नव्हतो. रात्री मधल्या कुडाच्या पलीकडं आत्तीचा खोकला असायचा. जत्रेला डेपो बंद, म्हशीला बघायला कुणीतरी पाहिजे म्हणून नवरा घरी राहिलेला. दुपारी दोन्ही पोरी झोपलेल्या. त्यानं मला चहा करून दिला, पहिल्यांदाच, आणि तो इतका वाईट होता की आम्ही दोघं हसत सुटलो. हसायला कुणाची चोरी नव्हती. पुढचं काय सांगायचं? नवरा-बायको होतो, झालं. एकदा नाही, दोन दुपारी.

गोळ्यांची आठवण नव्हती असं नाही. होती. पण मी मनाची समजूत घातली होती. दीड वर्षं रोज खातेय, अंगात साठा झालाच असणार. कणगीत भात असतं तसं, दोन दिवस नाही भरलं म्हणून काय कणगी रिकामी होते? असलं डोकं चालवलं मी. शहाणपणाचं बक्षीस द्यायला पाहिजे होतं मला.

तिसऱ्या दिवशी शेण काढता काढता एकदम ध्यानात आलं. सिस्टर दर महिन्याला बोट नाचवून सांगायची, ‘‘चुकवायचं नाही, रोज म्हणजे रोज.’’ साठा होत असता तर ती रोज कशाला म्हणाली असती? हातातली पाटी तिथंच टाकली. झोळी आठवली, घोंगडीतनं ठिबकणारं रक्त आठवलं. माझ्या मागं ह्या दोन पोरींना कोण बघणार, हा, ज्यानं चहात मीठ टाकायचं तेवढंच बाकी ठेवलं होतं? खरं सांगते, मला मरायची इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. तेव्हा शुद्ध तरी कुठं होती!

शेजारच्या काकीला आडून विचारलं, की माझ्या माहेरच्या एकीचं असं असं झालंय. काकी म्हणाली, ‘‘कच्ची पपई खा म्हणावं. न्हाईतर तीळगूळ. न्हाईतर माडीवरनं उडी मारायची.’’ आमच्या घराला माडी नव्हती. पपई होती, पण ती झाडावरच राहू दिली. मी धाकटीला काखोटीला मारलं, थोरलीला बापाकडं सोडलं, आणि सिस्टरच्या दवाखान्याकडं निघाले.

दवाखान्याला कुलूप. शिपाई पायरीवर बिडी ओढत बसलेला.

‘‘सिस्टर उळवीला. जत्रंची ड्यूटी लागलीया.’’

बसची वाट बघत थांबले असते तर जत्रा संपली असती. बेळगावकडच्या लोकांच्या गाड्या चालल्या होत्या, त्यातल्या एकीत चढले. गाडीतल्या बाया भजन म्हणत होत्या, मला म्हणाल्या, तूपण म्हण. म्हटलं. गरज होती.

उळवीला हजारो माणसं देवाला शोधत होती आणि मी नर्सला. धूळ, बैल, भोंगे, हरवलेली पोरं, आणि त्यात मी एकेका पांढऱ्या साडीमागं धावतेय. शेवटी सापडली. कापडी मांडवाखाली बैलानं लाथ मारलेल्या एका माणसाच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. मी तिच्या कानात सांगितलं.

‘‘अय्यो!’’ ती ओरडली. ‘‘गोळी सासूला दिली? अख्खा पाकीट?’’

पट्टीवाला माणूस गुडघा विसरून माझ्याकडं बघायला लागला. सिस्टरनं त्याला हाकललं आणि मला पेटीवर बसवलं. मग जे झोडपलं म्हणता! साठा-बिठा काही नसतो. एखादी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच खायची, दुसरी तिच्या वेळेला, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतात, काही बिघडत नाही. पण दोन, तीन, चार राहिल्या तर राहिलेल्या सगळ्या मूठभरून गिळायच्या नाहीत. एक लगेच खायची, पुढं रोज एक चालू ठेवायची, आणि सात दिवस नवऱ्यानं एकतर निरोध वापरायचा, नाहीतर गोठ्यात झोपायचं.

‘‘तंगी, तुझ्या सुरुवातीच्याच चुकल्या,’’ ती म्हणाली. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. ‘‘ते वाईट. तांबूस गोळ्यांचे दिवस, त्याला लागून हे दिवस, म्हणजे खंड मोठा पडला. पाकिटाच्या मधल्या चुकल्या असत्या तर मी एवढं ओरडले नसते.’’

‘‘मग आता?’’

‘‘आता झालं ते झालं. नवीन पाकीट आजपासून सुरू कर. पपई-बिपई काही खायचं नाही. पांढऱ्या संपल्या, तांबूस सुरू झाल्या की पाळी यायला पाहिजे. नाही आली तर एक दिवस न थांबता माझ्याकडं ये. मी तुला मोठ्या दवाखान्यात नेते. मरू देणार नाही.’’

अलीकडं अशा वेळी लगेच घ्यायची वेगळी गोळी दुकानात मिळते. तीन दिवसांच्या आत घ्यावी लागते, जितकी लवकर तितकी बरी. माझ्या थोरलीनंच मला ते सांगितलं. तेव्हा ती गोळी आमच्या रानापर्यंत पोचलेली नव्हती. मी सिस्टरसमोरच पहिली गोळी गिळली, तिच्याच तांब्यातलं पाणी पिऊन. तिनं निरोधही दिले, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, सगळ्या जत्रेदेखत.

आता गपचूप घरी जायचं होतं. पण धाकटी भुकेनं रडायला लागली, म्हणून जेवणाच्या मांडवाकडं गेले, आणि समोर आत्ती. विळीवर बसलेली, पुढ्यात भोपळ्यांचा डोंगर, तोंड मात्र उतरून एवढंसं झालेलं. शेजारी एक जाडजूड कानडी म्हातारी, उळवीचा देव ज्यांचा त्या लिंगायतांतली, गळ्यात लिंगाची डबी, तीही भोपळा चिरत होती.

‘‘आलीस व्हय!’’ आत्ती म्हणाली. ‘‘बरं केलंस. सकाळीच नवस बोलून आले. पुढल्या जत्रंला नातू मांडीवर घिऊन यीन म्हटलंय. पर काय गे, त्या तुझ्या गोळ्या! जोर यावा म्हणून दोन-दोन खाल्ल्या. नुसत्या उलट्या. दिग्गीवाली मला म्हणती, अक्का, ह्या वयात?’’

म्हातारीनं विचारलं, कसल्या गोळ्या? आत्तीनं तिला मोडक्या कानडीत समजावलं, की पाळी येऊ नये म्हणून, देवाला चालत नाही म्हणून. म्हातारी पोट धरून हसायला लागली.

‘‘यव्वा!’’ ती म्हणाली. ‘‘आमच्यात हे पाळत न्हाईत. गळ्यातलं लिंग काय त्या दिवसांत काढून खुंटीला लावू? देव बाईच्या गळ्यातच हाय की!’’

आत्तीही हसली. ‘‘आगे बाई, मग उगंच खाल्ल्या म्हणायच्या!’’

उगंच? हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. सहा वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

‘‘उगंच न्हवं आत्ती,’’ मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. ‘‘त्या गोळ्या पोर ऱ्हाऊ नये म्हणून असतात. माझ्या जिवासाठी आणल्या होत्या. तुमी दोन-दोन खाल्ल्यासा, मावशीला वाटल्यासा, आणि आता माझ्या पोटात काय हाय ते कुणाला ठावं न्हाई. ऱ्हायलं असलं तर मी मरणार. डाक्टरनं तुमच्यासमोर सांगितलंय. आणि तुमी हितं नातू मागून आलासा!’’

मांडवातल्या साऱ्या विळ्या थांबल्या. आत्ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता भोपळा फेकून मारते.

‘‘मग मला न्हाई म्हणायला तुला तोंड न्हवतं व्हय गे?’’ तिनं हळू विचारलं.

‘‘न्हवतं,’’ मी म्हटलं. ‘‘तुमी ठिवलं न्हवतं.’’

 आत्तीनं विळी आडवी केली, हात धुतले, पदर खोचला आणि उठली.

‘‘कुठं चाललासा?’’

‘‘रांगंत. सकाळचं बोललेलं मागं घ्यायला पायजे.’’

आणि गेली की! सकाळी तीन तास उभी राहिलेली बाई, उलट्यांनी पायात त्राण नसलेली, पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. म्हातारीनं न विचारता आत्तीचा भोपळा स्वतःपुढं ओढला. मी पोरीला भात भरवला, तिथंच पाय पसरून बसले आणि खूप रडले. उन्हं उतरली तेव्हा आत्ती परत आली. कुंकू घामानं फिस्कटून नाकावर उतरलेलं. आमच्यात विधवा बाया कुंकू लावत नाहीत, ते रांगेतल्या गर्दीत कुणाचंतरी तिला पुसलं गेलं होतं.

‘‘सांगितलं,’’ म्हणाली. ‘‘आयकू गेलं का न्हाई कुणास ठावं. लई गलका हाय आत.’’

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर घरी आली. जत्रेचे दोन दिवस बाकी होते, तिची जागा दुसऱ्या बाईनं घेतली असणार, पण ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. नवऱ्याला दारातच सांगितलं, ‘‘तू डेपोला जा.’’ तो म्हणाला, डेपो बंद आहे. ‘‘मग बंद डेपोत जा!’’ बिचारा गेला. वर्तमानपत्राची पुडी उघडायची वेळच आली नाही.

पुढचे जवळजवळ चार आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. आत्ती रोज जेवणं झाली की तांब्याभर पाणी घेऊन समोर उभी राहायची. ‘‘खाल्लीस?’’ तोंड उघडून दाखवायला लावायची, जीभ वर कर म्हणायची. जरा मळमळलं की दोघींची तोंडं काळी पडायची. एकदा मला आंबट खावंसं वाटलं, तर ही चिंचेचा गोळा हातात घेऊन माझ्याकडं अशी बघायला लागली जसं मी विष मागितलंय. पांढऱ्या संपल्या. तांबूस ओळ सुरू झाली. एक गेली, दोन गेल्या, काही नाही. देवळीसमोर उभी राहून आत्ती देवाला दटावत होती, ते मी ऐकलं. ‘‘तुला सांगितलंय मी, व्हय का न्हाई? नगं म्हणून सांगितलंय. पोर नगं. ही पायजे.’’

मला तोवर वाटायचं, मी मेले तर ही पोराला दुसरी करून देईल, नातवासाठी. मी तसं मनात धरून बसले होते. त्या दिवशी मी माजघराच्या उंबऱ्याआड उभी राहून ऐकलं आणि लुगड्याचा बोळा तोंडात कोंबला.

शेवटच्या दोन तांबूस गोळ्या राहिल्या होत्या. सिस्टरकडं जायचं म्हणून पिशवी भरून ठेवली होती. सकाळी न्हाणीत गेले आणि कळलं. भिंत धरत बाहेर आले आणि पडवीच्या कडेला, पाळीची बाई बसते तिथं, मटकन बसले. तिथं बसलेल्या बाईला आमच्या घरात चौथ्या दिवसापर्यंत कुणी शिवत नसे. पाण्याचा तांब्यासुद्धा लांबनं सरकवायचा. हा कायदा आत्तीचाच होता, आणि त्यात तिनं पोटच्या लेकींनाही सवलत दिली नव्हती.

आत्ती चुलीपासनं बाहेर आली. मला तिथं बसलेलं बघितलं आणि दारातच थांबली.

‘‘आली?’’

मी मान हलवली.

ती धावत आली. मी मागं सरकत ओरडले, ‘‘आत्ती, शिवू नगासा, शिवू नगासा!’’ तिनं ऐकलंच नाही. माझं डोकं छातीशी घट्ट आवळलं, केसांवरनं, पाठीवरनं, तोंडावरनं हात फिरवत राहिली. ‘‘वाचलीस गे बाई, वाचलीस,’’ एवढंच म्हणत होती, हुंदके देत. तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. मग उठली, डोळे पुसले, आणि अंघोळ न करता, लुगडं न बदलता तशीच आत गेली, आणि मला लावलेल्या त्याच हातांनी देवापुढं दिवा लावला.